तिसऱ्या दिवसाचा रस

५ फेब्रुवारी १९५६, रविवार. सकाळी ८.

नवी वही, नवा माणूस. वही डॉकमधली आहे, टॅलीची. सत्तावीस वर्षं मुंबईत बोटींवरचा माल मोजला, एक पेटी चुकली नाही. आता स्वतःच्या तब्येतीची टॅली ठेवायची. सिस्टीम पाहिजे. सिस्टीम असली की मी हरेश्वर काय, कोणीही शंभर वर्षं जगेल.

बोर्लीच्या डॉक्टरने गेल्या सोमवारी माझ्या पोटात बोटं रोवली आणि म्हणाला, लिव्हर दोन बोटं खाली आलंय, यापुढे दारूचा थेंब घेतलात तर पुढची नारळी पुनव तुमची नाही. पोरगेला डॉक्टर आहे. नवशिके घाबरवूनच बोलतात. शिवाय सोडायचं मी आधीच ठरवलं होतं, त्यामुळे त्याचं ऐकलं असं होत नाही.

शेवटची बाटली आज मागच्या खडकावर फोडली. कोकिळा समोर उभी होती. बाटली काल संध्याकाळी मी रिकामी करून ठेवली होती. भरलेली फोडली तर उगाच कुत्री चाटतात.

दारूच्या जागी रस. फळांचा, भाज्यांचा, घरी काढलेला. निसर्गोपचाराचं एक पुस्तक मिळालंय, त्यात सगळं आहे. यंत्र मुंबईहून आगबोटीने दिघीला आलं. बिडाचं, फळीला स्क्रूने आवळायचं, वरून फळ घालायचं आणि दांडा फिरवायचा. कोकिळेने आईचे चांदीचे तोडे मोडून मागवलं. मी नको म्हणणार होतो, पण यंत्र आधीच आलं होतं.

घरात आम्ही दोघंच. पोरगी चोवीसची झाली. तिची आई राही गेली त्याला चार वर्षं झाली. तेव्हा मी ड्यूटीवर होतो. ड्यूटीवर होतो असं मी सांगतो.

कोकिळेने खुंटीला जाळ्याची दोरी बांधली आहे. ज्या दिवशी मी फक्त रस पिईन त्या दिवसाची एक गाठ. आजची पहिली. गाठ अशी बसली की नखाने निघायची नाही. मला ती गाठ येत नाही. शिकायच्या वयात मुंबईला गेलो. कोळ्याचा पोर असून गाठ येत नाही म्हणून माझा दोस्त भिकू हसतो, हसू दे.

६ फेब्रुवारी. सकाळी ६.३०.

पहिला ग्लास. दुधी, कारलं, वर आवळा. दांडा कोकिळा फिरवते, देखरेख मी करतो. चव होडीच्या तळातल्या पाण्याची. पुस्तकात म्हटलंय, चव जितकी वाईट तितका गुण मोठा. त्या मानाने आज मी बराच सुधारलो.

चोथा कोंबड्यांना घातला. कोंबड्यांनी तोंड फिरवलं.

९ फेब्रुवारी.

पांढरा कोहळा. दिवसभर पोटात खळखळ. कोकिळेला विचारलं, पुस्तकात कुठे माशाचा रस आहे का बघ. तिला हसू आलं. खूप दिवसांनी हसली. दात राहीसारखे आहेत.

१४ फेब्रुवारी.

हात थरथरतात. सही करून बघितली, दुसऱ्याच माणसाची वाटते. यंत्रामुळे होत असावं. यंत्र मी फिरवत नाही, पण आवाजाने नसा हलतात.

झोप नाही. घाम. काल दुपारी आढ्यावर खेकडे चालताना दिसले. कोकिळेला सांगितलं, काठी आण. तिने काठी आणली नाही. माझे पाय मांडीवर घेऊन बसली. सुकट वाळत घालायची राहिली, ती कावळ्यांनी नेली. मी रागावलो. ती म्हणाली की नेऊ दे, सुकट काय परत येईल.

गाठ दहावी.

२० फेब्रुवारी.

आज बरं. भाकरी दोन, झोप पाच तास, खेकडे शून्य.

टेकडीवर काजू लागले. गावात बी ठेवतात आणि बोंडं टाकून देतात, गुरं खातात. कोकिळेने टोपलीभर बोंडं आणली, तांबडी-पिवळी. रस भरपूर निघाला. गोड, पण घसा धरतो. एक बरणी भरली. सगळ्या घराला बोंडांचा वास. तिच्या हातांना, केसांना, माझ्या सदऱ्याला, सगळीकडे तोच.

पोरगी गाणं म्हणत होती. मी आत आलो तशी गप्प झाली. तिला गाणं येतं हे मला माहीत नव्हतं.

२७ फेब्रुवारी. दुपारी ४. महत्त्वाचं.

शोध लागला आहे. नीट लिहून ठेवतो.

मागच्या खोपीत, जिथे सासऱ्याची जुनी जाळी पडलीत, तिथे बोंडांच्या रसाची एक बरणी शुक्रवारी मी ठेवली होती. घरात जागा नव्हती म्हणून. आज सहज गेलो. झाकण उघडलं तर वर फेस, आतून बारीक चुरचुर आवाज. रस जिवंत होता. फुकट जाऊ नये म्हणून एक पेला घेतला. घसा धरला नाही. पाच मिनिटांत पोटात ऊब, दहा मिनिटांत हात स्थिर. सही करून बघितली, डॉकमधल्या सहीसारखी झोकदार आली.

म्हणजे ताजा रस हा कच्चा रस. आंबा झाडावरून काढून लगेच खातो का आपण? आढीत घालतो. तसंच रसाचं. तिसऱ्या दिवशी त्यातलं व्हिटॅमिन पिकतं. पुस्तकात हे नाही, पुस्तक लिहिणाऱ्याने प्रयोग केलेले दिसत नाहीत.

शंका मनात आली, ती पण लिहितो. उत्तर सोपं आहे. दारूला भट्टी लागते. भट्टी नाही, जाळ नाही, नळी नाही, तर दारू नाही. शिवाय मी सोडली ती बाटली. ही बरणी आहे.

गाठ कोकिळेने मारली. तेविसावी. पिकलेल्या रसाचं तिला सांगितलं नाही. आधी रिझल्ट, मग रिपोर्ट.

३ मार्च.

नवा नियम. सकाळी कोकिळेच्या हातचा कच्चा रस एक ग्लास, तिच्या समाधानासाठी. दुपारी खोपीत पिकलेला, तब्येतीसाठी. थोडा गूळ घातला तर लवकर पिकतो. गुळात लोह असतं.

कोकिळेला म्हटलं, बोंडं जास्त आण. ती खूश झाली. बाबाला रसाची गोडी लागली म्हणून रोज दोन टोपल्या आणते. काट्यांनी पाय ओरबाडलेत.

८ मार्च.

भिकू आला होता. भिकू दिघीहून आगरदांड्याला तर, म्हणजे खाडी ओलांडायची होडी, चालवतो, आमची लहानपणची दोस्ती. खोपीत शिरला, नाक वर केलं आणि माझ्याकडे बघत बसला. त्याला मी सगळी थिअरी समजावली, आढी, व्हिटॅमिन, लोह. शेवटपर्यंत ऐकलं. मग एक पेला घेऊन म्हणाला, "दादा, नाव काय बी ठेव. गुडघ्याला बरा हाय."

त्याचा गुडघा गेली सहा वर्षं दुखतो. आता रोज येतो. त्याच्या गुडघ्याचीही टॅली ठेवावी म्हणतो.

१६ मार्च.

कोकिळा विहिरीवर बायकांना सांगत होती, बाबा आता रसाशिवाय कशाला शिवत न्हाय, चाळीस दिवस झालं. मी कुडामागून ऐकलं. बायका हंडे भरत राहिल्या. एक खोकली.

खरं तर चाळीस नव्हे, एक्केचाळीस. टॅलीच्या बाबतीत मी कडक आहे.

२७ मार्च. धुळवड.

काल होळी. कोळीवाड्यातले सगळे नाचले, मीही नाचलो. चार वर्षांनी नाचलो. एकदा पडलो. वाळू मऊ होती, म्हणून थोडा वेळ तिथेच पडून राहिलो. लोकांना वाटलं भलतंच. लोकांची मनं घाण असतात.

कोकिळेने हाताला धरून घरी आणलं. वाटेत विचारलं, कोणी पाजली का रे बाबा. मी म्हटलं, हा बोंडांचा वास आहे, तुझ्या स्वतःच्या हातांचा वास घेऊन बघ. तिने खरंच दोन्ही हात नाकाशी नेले. बरं, म्हणाली. आज सकाळी दोरीजवळ गेली, जरा थांबली. मग कालची गाठ मारली.

मी खोटं बोललो नाही. बोंडांचाच वास होता.

४ एप्रिल.

माझी थोरली बहीण भागुबाई बोर्लीहून आली. स्थळ आणलंय. आगरदांड्याचा सदा, स्वतःच्या लाँचवर आहे, शांत पोरगा, तिशीचा. कोकिळेला त्याने बोर्लीच्या बाजारात सुकट विकताना बघितलंय आणि तिनेही त्याला बघितलंय, असं भागुबाईचं म्हणणं. कोकिळा तेवढ्यात पाणी आणायला गेली. हंडा भरलेलाच होता.

वय चोवीस. याआधी तीन स्थळं आली आणि परत गेली, माझ्यामुळे गेली असं भागुबाई म्हणते. तिला बोलायची सवयच आहे.

सदाची आई नीराबाई, विधवा. नवरा पिऊन डोल जाळ्याच्या खुंटाजवळ पाण्यात पडला आणि गेला. तिची एकच अट आहे: हुंडा नको, मानपान नको, पण पोरीच्या माहेरी दारू नको. भागुबाईने माझ्यासमोर बसून विचारलं, काय सांगू मी तिला. मी काही बोलायच्या आत कोकिळा बाहेरून आली, दोरी खुंटीवरून काढली आणि आत्याच्या मांडीवर ठेवली. म्हणाली, "मोज आत्या. बाबाने एक दिस चुकवला न्हाय."

भागुबाईने मोजल्या. एकोणसाठ. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी खोपीत जाऊन आलो.

१५ एप्रिल.

पाहुणे पुढच्या रविवारी. घर सारवलं. कोकिळेने कुडाला माती लावली, मी देखरेख केली.

ठराव: पाहुणे येऊन जाईपर्यंत पिकलेला रस अर्धाच पेला.

१८ एप्रिल.

अर्ध्या पेल्याचा ठराव चांगला होता, पण पेले लहान आहेत.

भिकू म्हणाला, दादा, त्या दिवसापुरती बरणी माझ्याकडं ठेव. त्याचा बेत मला कळतो. नाही म्हटलं.

२२ एप्रिल, रविवार. सकाळी १०.

पाहुणे भरतीबरोबर येणार, भिकूच्या तरीने. कोकिळा पहाटे टेकडीवर गेली. बोंडं आता संपत आलीत, तरी टोपली भरून आणली. निवडून, धुऊन, रस काढला. फडक्यातून दोनदा गाळला. सहा ग्लास झाले. ओल्या फडक्याने झाकून ठेवलेत. चहा सगळेच देतात, आपण बाबाचा रस द्यायचा, ही तिची कल्पना. राहीचं हिरवं लुगडं नेसली आहे.

मला मात्र विचार पडला. पाहुण्यांना कच्चा रस? पहिल्या घोटाला घसा धरेल, ठसका लागेल, पोरीचं नाक कापलं जाईल. माझ्याकडे चार दिवसांचा उत्तम पिकलेला रस आहे. सोन्यासारखा रंग. बाप म्हणून माझं कर्तव्य आहे. कोकिळा केसात फुलं माळतेय तोवर ग्लास बदलून टाकतो. नंतर सांगेन, तेव्हा तिला कळेल की बापाने काय केलं.

आत्मविश्वासासाठी दोन पेले घेतले.

२२ एप्रिल. दुपारी ४.

गेले.

२३ एप्रिल.

शांतपणे लिहितो.

पाच माणसं आली. सदा खाली बघून बसला होता. नीराबाई बारीक, काळी, हातात एकही बांगडी नाही. भागुबाई बोलत होती. मी माझी सिस्टीम समजावून सांगितली, सगळ्यांनी ऐकली. मग कोकिळा ग्लास घेऊन आली. पहिला नीराबाईंना दिला. म्हणाली, बाबाचा रस हाय, मी सोता काढलाय.

नीराबाईंनी ग्लास ओठांपर्यंत नेला नाही. छातीशीच थांबवला. खाली ठेवला, अगदी हळू, सांडू नये असा. मग सदाच्या हातातला काढून घेतला. तोही ठेवला. कोकिळेच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "पोरी, तुझा काय दोस न्हाय. पर ह्यो वास ईस वरसं माझ्या उशाला व्हता."

उठल्या. सदा एकदा मागे वळला. भागुबाई मागून धावत गेली.

कोकिळेने एक ग्लास उचलला, वास घेतला. मग दुसरा, मग तिसरा. सहाही ग्लासांचा वास घेतला. माझ्याकडे बघितलं नाही.

नीराबाई अडाणी बाई आहेत. त्यांना फर्मेंट आणि दारू यातला फरक कोण समजावणार?

२४ एप्रिल.

भिकू सांगत होता, पलीकडे पोचताच नीराबाई पुढे चालू लागल्या. उतरताना सदाने भिकूला विचारलं, पोरीला ठाऊक व्हतं का. भिकू म्हणाला न्हाय. सदा म्हणाला बरं.

मी भिकूला म्हटलं, डॉक्टरचं सर्टिफिकेट आणतो आणि आगरदांड्याला जाऊन नीराबाईंच्या हातात देतो. रस म्हणजे रस, असं सही-शिक्क्याचं. स्थळ परत येईल. भिकू वल्हं पुसायला लागला. आज पेला घेतला नाही. गुडघा बरा झाला असेल.

२८ एप्रिल.

बोर्ली. चालत गेलो, तीन वेळा बसावं लागलं. ऊन फार.

डॉक्टरसमोर छोटी बाटली ठेवली. त्याने बूच काढलं, परत लावलं. विचारलं, हे किती दिवस? मी म्हटलं, तुम्हीच फळं खा म्हणाला होतात. त्याने एक शब्द वापरला. तो इथे लिहीत नाही, कारण तो चुकीचा आहे. मग झोपवून पोट दाबलं. लिव्हर चार बोटं. डोळ्यांची पापणी ओढून बघितली. पिवळे आहेत म्हणाला. मी म्हटलं, बोंडं पिवळी असतात. तो हसला नाही. घरी कोण आहे, विचारलं. मुलगी आहे म्हटलं. तिला घेऊन या म्हणाला.

सर्टिफिकेट दिलं नाही. माझी ही बाटलीसुद्धा ठेवून घेतली.

कोकिळेला सांगितलं की डॉक्टर गावाला गेलाय.

३ मे.

दहा दिवस कोकिळा बोलली नव्हती. भाकरी देते, पाणी देते. दोरी खुंटीलाच होती, बावीस एप्रिलपासून गाठ नाही.

आज दुपारी दोरी घेऊन माझ्यासमोर बसली. विचारलं, "बाबा, कधीपासून?"

काय सांगायचं होतं ते सगळं तयार होतं. आढी, व्हिटॅमिन, भट्टी नाही, बाटली नाही. ते सगळं बाजूला ठेवलं. उठलो, ही वही आणली, पान काढलं. म्हटलं, सत्तावीस फेब्रुवारी. दुपारी चार.

ती शेवटच्या गाठीपासून सोडवायला लागली. ती गाठ सुटायला वाईट. सुईने, दाताने, नखाने. नख तुटलं तरी थांबली नाही. मी म्हटलं, राहू दे ग, कापून टाक. म्हणाली, दोरी चांगली हाय, कापायची कशाला. ऊन कुडावरून उतरून अंगणात गेलं तरी ती सोडवतच होती. मध्ये एकदा तिने थांबून हात झटकले. राहीची तीच सवय होती.

पंचावन्न गाठी सोडवून दोरी सरळ केली आणि मोजली. मी पण मोजली.

बावीस राहिल्या. खुंटीला परत लावली. म्हणाली, एवढं तरी खरं हुतं ना. मी हो म्हटलं. ते खरं होतं.

४ मे.

बरणी फोडली. खोपीतली. रिकामी केली नव्हती, भरलेलीच फोडली. हे वहीत ठळक लिहितो.

दुसरी बरणी जाळ्यांखाली होती, ती विसरलो.

१२ मे.

भागुबाईच्या ओळखीने मुंबईला एका बाळंतिणींच्या इस्पितळात कोकिळेला आयाचं काम मिळालं. राहायची सोय आहे. जाते म्हणाली. पावसाळ्याआधीची शेवटची आगबोट बावीस तारखेला. मग दर्या खवळला की भाद्रपदापर्यंत बोटी बंद.

मी म्हटलं, मग माझा रस कोण काढणार?

असं बोलायचं नव्हतं. जाऊ नको असं म्हणायचं होतं. ते तोंडात आलं नाही, हे आलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि चूल फुंकायला लागली.

ठराव: उद्यापासून पूर्ण बंद. ती बघेल आणि थांबेल. दहा दिवस हातात आहेत, दहा दिवस पुष्कळ झाले.

१९ मे.

सातपैकी चार दिवस जमलं. की तीन. या आठवड्याची टॅली नीट लागत नाही.

कोकिळा ट्रंक भरतेय. दोन लुगडी, आईचा फोटो. माझ्याकडे वेळ आहे अजून.

२२ मे. सकाळी ९.

गेली.

पहाटे उठून तिने टेकडीवरून जांभळं आणली. यंत्र लावलं. शेवटचा एक ग्लास रस काढला, बशीने झाकून फळीवर ठेवला. मग यंत्राचा दांडा काढला, पुसला आणि ट्रंकेत लुगड्याखाली ठेवला. मी बघत होतो. म्हटलं, दांड्याशिवाय यंत्राचा काय उपयोग? ती म्हणाली, परत येईन तवा आणीन.

दिघीच्या धक्क्यावर भिकूने ट्रंक उचलली. आगबोट खाडीच्या तोंडाशी उभी होती, होडीतून तिथवर जायचं. होडीत पाय टाकताना तिने माझा सदरा नीट केला, वरचं बटण लावलं. म्हणाली, "जांभळाचा रस ठेवलाय, बाबा. आजच पी. उद्यावर ठेवू नको."

मी हो म्हटलं. डॉकमध्ये हजार बोटी सुटताना बघितल्या. त्या मोजायच्या असतात, त्यांच्याकडे बघत राहायचं नसतं. आज मोजायला एकच होती.

घरी आलो. ग्लास फळीवर आहे. रंग राहीच्या इरकली लुगड्यासारखा. पिणार होतो. पण प्यायलो की संपला. यंत्राला दांडा नाही, दुसरा होणार नाही. राहू दे थोडा वेळ.

आज दुसरं काही घेतलं नाही. दुसरी बरणी काल रात्रीच उलटी केली, समुद्रात.

२३ मे.

काहीच घेतलं नाही. हात थरथरतात. या वेळी यंत्राचा आवाज नाही.

कालची गाठ मी स्वतः मारायला गेलो. सुटली. परत मारली, परत सुटली. भिकूला बोलावलं. त्याने एका झटक्यात मारली. मग म्हटलं, तू काही रोज यायचा नाहीस, आठवड्याच्या आगाऊ मारून ठेव. तो म्हणाला, आगाऊ कशा मारायच्या, दिस जायला नको का. मी म्हटलं, माझ्यावर विश्वास नाही? त्याने कालची धरून सात मारून दिल्या.

दोरी आता भरलेली दिसते. घरात शिरताना बरं वाटतं.

ग्लास फळीवर आहे. बशी काढून बघितली नाही.

२४ मे.

खेकडे आले. या वेळी पाय मांडीवर घ्यायला कोणी नव्हतं. भिंतीला टेकून बसलो, गेले आपोआप. न पिता गेले. हे कोकिळेला पत्रात लिहायचं.

पत्र सुरू केलं. 'चि. कोकिळा, तू ठेवलेला रस' इथपर्यंत झालं.

२५ मे. संध्याकाळी ६.

तिसरा दिवस.

फळीवरून बारीक आवाज येत होता. चुरचुर. सकाळपासून येत होता, मी अंगणात जाऊन बसलो. आता बशी काढली. वर फेस आलाय. ग्लास नाकाशी नेला.

हा वास नीराबाईंना छातीपासूनच आला. डॉक्टरला आला, भिकूला पहिल्याच दिवशी आला. कोकिळेने सहा ग्लासांतून सहा वेळा घेतला. मलाही खोपीत झाकण उघडलं तेव्हाच आला होता. सत्तावीस वर्षं मालाची पारख केली, वास ओळखत नाही असं होईल का.

ही दारू आहे. भट्टी लागत नाही.

ओतून द्यायचं ठरवलं. मागच्या दारापर्यंत गेलो, ग्लास तिरका केला. पहाटेची टेकडीवर गेली होती ती. दोनदा गाळला असणार, ती नेहमी दोनदा गाळते. तिच्या हातचा आता दुसरा नाही. मातीत कसा ओतायचा?

प्यायलो. सगळा.

मग दोरी घेऊन बसलो. भिकूच्या सात गाठींपैकी बावीस, तेवीस, चोवीस या तीन खऱ्या आहेत. त्या ठेवल्या. बाकी चार सोडवायला घेतल्या. सुई सापडली नाही, दाताने सोडवल्या. वेळ लागला.

मारायला मला कधी आल्या नाहीत. सोडवायला आल्या.